गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं: काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं आणि पुन्हा पळायचं कधी

पोलीस भरतीची जाहिरात आली की नाशिकच्या मैदानांवर पहाटे पाचलाच गर्दी होते, आणि महिना-दीड महिन्यात गुडघा धरून येणाऱ्या पोरांची संख्या वाढते. पावसाळ्यात हीच तक्रार ट्रेकवाले घेऊन येतात, थंडीत मॅरेथॉनची तयारी करणारे. बोट सगळ्यांचं एकाच जागी असतं, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर. आणि येण्याआधी बहुतेकांनी एकच केलेलं असतं. पंधरा दिवस पूर्ण आराम केला, दुखायचं थांबलं, म्हणून पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळून आले, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा 'आई गं!'

मांडीचा पुढचा मोठा स्नायू वरून वाटीला धरून असतो. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत एक जाड, चपटा पट्टा जातो, तो पटेलर टेंडन. पाय सरळ करणं, उडी मारणं, उतारावर स्वतःला आवरणं, या सगळ्याची ओढ याच पट्ट्यातून नडगीपर्यंत पोचते. उडी मारून खाली येताना ती शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असते. व्हॉलीबॉल-बास्केटबॉल खेळणाऱ्यांत हा त्रास इतका दिसतो की त्याला 'जम्पर्स नी' असंच नाव पडलं आहे. आपल्याकडे त्यात कबड्डी, खो-खो आणि गडाच्या पायऱ्या धरायला हरकत नाही.

हेच आहे की दुसरं काही?

जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा आणि अंगठ्याने वाटीचं खालचं टोक दाबून बघा. नेमक्या एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दुखत असेल तर संशय घ्यायला जागा आहे. पण नुसतं दाबून दुखणं हा पुरावा नाही, धडधाकट खेळाडूंनाही तिथे थोडं दुखतं. खरी खूण म्हणजे भार वाढवला की दुखणं वाढतं आणि तरीही जागा सोडत नाही. दोन पायांवर अर्धं बसून बघा, मग एका पायावर, मग छोटी उडी मारून. दुखणं पायरीपायरीने चढत गेलं आणि बोट तिथल्या तिथेच राहिलं, तर टेंडनच आहे असं धरायला हरकत नाही. दुसरी खूण अशी की पळायला सुरुवात करताना दुखतं, अंग तापलं की गायब होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत येतं. कसारा घाट उतरून मुंबईपर्यंत बसमध्ये पाय दुमडून बसलं, तरी उठताना कळ येते.

दुखणं वाटीच्या वरच्या कडेला असेल तर तिथला मांडीचा टेंडन दुखावलेला असू शकतो. खोल बैठका मारणाऱ्यांत आणि वजन उचलणाऱ्यांत तो सापडतो. उपचाराची रीत बरीचशी हीच, फक्त खूप खाली बसणं आणखी उशिरा सुरू करायचं.

दुखणं वाटीच्या मागे किंवा सगळीकडे पसरलेलं असेल, 'नेमकं कुठे' ते दाखवता येत नसेल, तर तो बहुधा वाटी आणि मांडीच्या हाडामधला त्रास असतो. पन्नाशीनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं आणि सकाळी आखडणं, हे झिजेकडे बोट दाखवतं. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला नडगीच्या उंचवट्यावर टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं आहे. या तिन्हींवर खालचा कार्यक्रम जसाच्या तसा लावू नका.

आणि काही बाबतीत तर लेख वाचत बसूच नका. 'कट्' असा आवाज येऊन गुडघा एकदम सुजला, झोपून पाय सरळ ठेवून उचलताच येत नाही, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, गुडघा लाल-गरम आहे आणि ताप आहे, पोटरी सुजून दुखते आहे, किंवा काही न करताही रात्रभर ठणकतं आहे, यांपैकी काहीही असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. पाय उचलताच न येणं हे टेंडन तुटल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे उशीर महागात पडतो.

नुसत्या आरामाने का भागत नाही

टेंडन हा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट धाग्यांचा बनलेला असतो. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे डागडुजी संथ. भार अचानक वाढला की आतल्या पेशी बिथरतात, धाग्यांमध्ये पाणी धरतं, पट्टा जाड होतो आणि जुन्या दुखण्यात धाग्यांची रचना विस्कटते. सुजलेल्या घोट्यासारखा हा 'सुजेचा' आजार नाही, म्हणून नुसत्या सुजेच्या गोळ्यांनी तो मुळातून जात नाही.

पूर्ण आराम केला की दुखणं कमी होतं हे खरं, पण त्या काळात टेंडनची भार पेलायची ताकदही उतरते आणि मांडीही बारीक होते. म्हणजे पंधरा दिवसांनी तुम्ही मैदानात उतरता ते आधीपेक्षा कमजोर पाय घेऊन. टेंडनला ताकद येते ती फक्त भाराने. तो भार जड हवा, संथ हवा आणि हळूहळू वाढणारा हवा. विस्कटलेला भाग पूर्ववत होईलच असं नाही, पण आजूबाजूचा चांगला भाग इतका मजबूत होऊ शकतो की दुखणं जातं. म्हणूनच सहा महिन्यांनी सोनोग्राफीत टेंडन अजून जाड दिसला आणि तुम्ही मात्र आरामात पळत असलात, तर रिपोर्ट बाजूला ठेवा.

पहिले दहा-पंधरा दिवस

उड्या, वेगाने पळणं, उतार, खोल बैठका आणि दोरीवरच्या उड्या बंद. सपाटीवरचं चालणं चालू ठेवा. सायकल चालते, पण सीट उंच हवी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. शहरात निम्म्या लोकांच्या सायकलींच्या सीट खाली असतात आणि त्याचा दंड गुडघा भरतो. पोहणार असाल तर फ्रीस्टाइल पोहा, बेडकासारखे पाय मारणं तूर्तास नको.

घरात मांडी घालून बसायला बहुतेकांना अडचण नसते, उठताना होते. हाताचा आधार घ्या. वज्रासन आणि गुडघे टेकून फरशी पुसणं काही आठवडे टाळा. भारतीय पद्धतीच्या संडासात फार दुखत असेल तर तात्पुरती कमोडची खुर्ची आणा. हे सगळं कायमचं सोडायचं नाही. 'आता जन्मभर खाली बसू नका' हा सल्ला या दुखण्यात मला पटत नाही.

याच दिवसांत मोजमाप सुरू करा. रोज सकाळी, एकाच वेळी, एकच चाचणी. घरातल्या त्याच जिन्याच्या त्याच पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवा आणि दहापैकी किती दुखलं तो आकडा वहीत लिहा. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा कालच्यापेक्षा वर गेला, तर काल जास्त झालं. टेंडनची खरी प्रतिक्रिया चोवीस तासांनी कळते. त्या क्षणी 'काहीच दुखलं नाही' याला फारसा अर्थ नाही.

पायरी पहिली: जागच्या जागी ताण

यात गुडघा हलत नाही, फक्त स्नायू आवळलेला राहतो. अनेकांना यानंतर काही वेळ दुखणं लक्षणीय कमी झालेलं जाणवतं.

जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन असेल तर गुडघा साधारण 60 अंशांत ठेवून 45 सेकंद धरा, दोन मिनिटं थांबा, असं पाच वेळा. वजन असं लावा की पस्तिसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागेल.

घरी करायचं तर पलंगाची जुनी जाड नवार घ्या. ती न ताणणारी असते हाच तिचा गुण, ओढणी किंवा रबराचा पट्टा इथे कामाचा नाही. नवारीचा मोठा फेरा करून लोखंडी खांबाला किंवा जिन्याच्या मजबूत कठड्याला बांधा. दोन्ही पाय फेऱ्यात घाला आणि खांबाकडे तोंड करून उभे राहा. नवार गुडघ्यांच्या मागे, लवणीच्या किंचित खाली आली पाहिजे. आता मागे खुर्ची असल्यासारखे बसा. नवार नडगीला खांबाकडे ओढते, म्हणून तुम्ही पडत नाही, नडगी उभीच राहते आणि सगळा भार मांडीवर येतो. छाती वर, टाचा जमिनीला. एका भरतीच्या पोराने हे गॅलरीच्या ग्रिलला बांधून केलं आणि पहिल्याच दिवशी ग्रिलचा स्क्रू उपटून काढला. तेव्हा खांब आधी दोन्ही हातांनी ओढून बघा.

45 सेकंद, पाच वेळा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. श्वास रोखू नका. रक्तदाबाचा त्रास असेल तर हे विशेष सांभाळा आणि वेळ कमी ठेवा. भिंतीला पाठ लावून बसण्याचा व्यायाम ही दुसरी सोय आहे, पण नवारीइतका भार त्यात येत नाही.

एक-दोन आठवड्यांत सकाळचा आकडा तीनच्या आत स्थिरावला की पुढे जा. इथेच रेंगाळू नका. ही पायरी दुखणं शमवते, पण टेंडन घडवायचं काम पुढची करते.

पायरी दुसरी: जड आणि सावकाश

या लेखातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी हीच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, किमान बारा आठवडे.

नियम एकच. तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजलं की घाई होत नाही. सुरुवातीला असं वजन की पंधराव्या वेळी दम लागेल. तीन ते चार सेट. दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवा आणि आवर्तनं कमी करा. पंधराची बारा, मग दहा, मग आठ, शेवटी सहा. सहा आवर्तनांचं वजन म्हणजे सातवं निघूच नये. तालमीतल्या शंभर-शंभर झटपट बैठकांचा मला आदरच आहे, पण दुखऱ्या टेंडनला त्याच्या नेमकं उलट हवं असतं.

जिममध्ये लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन आणि स्क्वॉट पुरेसे आहेत. घरी सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्चीला टेकेपर्यंत खाली, न बसता वर. पाठीवर दप्तर, दप्तरात पाच किलोची आट्याची पिशवी, नंतर दोन. मग एक पाय पुढे-एक मागे ठेवून, मग पायरीवरून एका पायाने खाली उतरत.

त्यानंतर उताराची फळी. साधारण 25 अंशांच्या उतारावर टाच वर, बोटं खाली अशा स्थितीत उभं राहून एका पायावर सावकाश बसायचं. टाच उंचावल्याने पोटरीची मदत कमी होते आणि भार नेमका वाटीखालच्या पट्ट्यावर येतो. सुताराला सांगा, 40 सेंटिमीटर लांबीची फळी, एक टोक 17 सेंटिमीटर उंच, वर खडबडीत रबर. याला सनमायका लावायचा नसतो हे मुद्दाम सांगावं लागतं. फळीवर दुखणं थोडं चढतं. पाचच्या वर गेलं तर फळी दोन आठवडे पलंगाखाली.

घरच्या व्यायामाची अडचण अशी की महिन्याभरात शरीराचं वजन आणि दहा किलो आटा कमी पडायला लागतो. तरुण, खेळणारा माणूस असेल तर तीन महिन्यांची जिमची फी भरावी असं माझं स्पष्ट मत आहे. इंजेक्शनपेक्षा ती स्वस्त पडते.

याच दिवसांत पोटरीसाठी टाचा उचलणं आणि कुल्ल्यांसाठी पाठीवर झोपून कंबर उचलणं, हेही तीन-तीन सेट करा. पोटरी कमजोर असली की उडीचा धक्का आधी गुडघ्याला बसतो.

बहुतेक लोक सोडतात ते चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आणि तेही दुखणं वाढलं म्हणून नाही, कमी झालं म्हणून.

पायरी तिसरी: उड्या

घाई नको. जिना उतरताना आकडा शून्य-एक, एका पायावर वजन घेऊन दहा सावकाश बैठका तीनच्या आत, आणि दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी असेल, तर सुरू करा. आधी दोन पायांवर जागच्या जागी छोट्या उड्या, मग पुढे उडी, मग एका पायावर, मग पायरीवरून खाली उडी, शेवटी पळता पळता थांबणं आणि वळणं. उड्यांनंतर टेंडनला सावरायला वेळ लागतो, म्हणून हे दर तिसऱ्या दिवशी. मधल्या दिवसांत पायरी दुसरी चालूच.

पायरी चौथी: मैदान आणि गड

पळायला मातीचं सपाट मैदान घ्या. गोल्फ क्लबचं, म्हणजे अनंत कान्हेरे मैदान, किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. एक मिनिट संथ पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. सकाळचा आकडा हलला नाही तर पळण्याचा वेळ वाढवा. आधी अंतर, मग वेग, सर्वांत शेवटी उतार. भरतीच्या पोरांना 1600 मीटरची घाई असते, आणि 100 मीटरचा स्टार्ट तर टेंडनला आणखी जड. ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख दोन आठवड्यांवर असेल तर खरं सांगायचं तर हा कार्यक्रम त्या तारखेपर्यंत पूर्ण होणार नाही. तेव्हा सराव निम्मा करा, जागच्या जागीचा ताण रोज करा, आणि बाकी नंतर.

गडांचाही क्रम लावता येतो. आधी पांडवलेणीच्या पायऱ्या, मग रामशेज, मग अंजनेरी, मग ब्रह्मगिरी. हरिहरचा कातळजिना अगदी शेवटी. चढताना दम लागतो पण टेंडन फारशी तक्रार करत नाही, तो बोलतो उतरताना. उतरताना दोन काठ्या वापरा, पावलं छोटी टाका, आडवे-तिडवे उतरा. सप्तशृंगीला तर सोयच आहे. वर पायऱ्यांनी जा, खाली फ्युनिक्युलर ट्रॉलीने या. देवी रागावणार नाही.

पट्टा, तेल, गोळ्या आणि सुया

वाटीखाली बांधायचा अरुंद पट्टा काहींना चालताना-खेळताना आराम देतो. वापरा, पण दिवसभर बांधून फिरू नका. बर्फ आणि मलम त्या वेळेपुरते. तेल लावून मांडी-पोटरी चोळून घ्या, पण दुखऱ्या टोकावर अंगठा रोवून 'नस मोकळी' करून घेऊ नका. टाच कुल्ल्याला लावून जोरात ताण देणंही सुरुवातीला दुखणं वाढवू शकतं.

पळायच्या आधी पेनकिलर घेणं मला सर्वांत घातक वाटतं. ज्या आकड्यावर सगळा कारभार चालवायचा तोच खोटा पडतो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण पुढे दुखणं परतण्याचा आणि टेंडन कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. परीक्षेच्या तोंडावर 'एक सुई मारून द्या' म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची सुई, महाग आहे आणि तिच्या फायद्याचा पुरावा उलटसुलट. शॉकवेव्ह थेरपी, म्हणजे यंत्राने बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देणं, काहींना उपयोगी पडते, पण जड व्यायामाच्या जोडीने, त्याच्या बदली नाही. शस्त्रक्रियेचा विचार मनापासून केलेला व्यायाम सहा महिने होऊनही फरक पडला नाही तरच.

दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स अलीकडे घेतली असतील तर, कारण ती टेंडनला इजा करू शकतात. आणि मधुमेह, युरिक अ‍ॅसिड किंवा किडनीचा त्रास असेल तर, कारण त्यात टेंडन सावकाश सावरतो.

पुन्हा दुखायला लागलं तर

लागेलच, एकदा तरी. लग्नात तीन तास नाचून झालं असेल किंवा कुणीतरी बॅडमिंटनला ओढून नेलं असेल. शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. दोन-तीन दिवस फक्त जागच्या जागीचा ताण, मग ज्या पायरीवर होतात तिच्या एक मागे, आणि आठवड्याभरात पूर्वपदावर. दोन आठवड्यांत आकडा उतरला नाही तर फिजिओथेरपिस्टकडून वजन आणि पद्धत तपासून घ्या. चूक बहुतेकदा वेगात असते, 'सावकाश' म्हणून केलेली बैठक एका सेकंदात संपलेली असते.

नवं दुखणं साधारण तीन महिन्यांत आटोक्यात येतं. वर्ष-दोन वर्षं अंगावर काढलेलं असेल तर सहा महिने धरा, खेळणाऱ्यांना त्याहूनही जास्त लागू शकतात. बरं झाल्यावरही जड व्यायाम आठवड्यातून दोनदा ठेवा. आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं असेल तर उलटं मोजा. जड व्यायामाचे बारा आठवडे मागे गेलं की साधारण वैशाखाचा उत्तरार्ध येतो, नवार त्याच्याही आधी बाहेर काढायची.